दोन याद्यांच्या फटीतून आलेला गुलाबी रंग

फेब्रुवारी २०२४ मध्ये आधी पुदुच्चेरीने आणि पाठोपाठ तमिळनाडूने जत्रेत मिळणाऱ्या ‘बुढ्ढी के बाल’ या मिठाईवर बंदी घातली. मार्चमध्ये कर्नाटक सरकारने जाहीर केले की, या मिठाईच्या २५ पैकी १५ आणि गोबी मंचुरियनच्या १७१ पैकी १०७ नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग सापडले. सर्वाधिक चर्चा झाली ती ऱ्होडामाइन-बी या रंगाची. हा रंग कापडाचा आणि कागदाचा. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो रंजक-लेसरमध्ये वापरतात, कारण हिरव्या प्रकाशात तो नारिंगी-तांबड्या तेजाने झळकतो. असा रंग लहान मुलांच्या हातातील काडीवर कसा पोहोचला, याचे उत्तर रसायनशास्त्रापेक्षा कायद्याच्या इतिहासात अधिक सापडते.

१८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला क्विनाइन तयार करण्याच्या खटपटीत एक जांभळा रंग गवसला आणि कोळशाच्या डांबरातून रंग काढण्याचा उद्योग उभा राहिला. कापडासाठी बनलेले रंग लवकरच लोण्यात आणि मिठाईत उतरले. त्या काळी दोहोंत भेद करण्याची गरज कोणाला वाटली नाही. पहिली किंमत मोजली ती मात्र ना खाणाऱ्याने, ना कपडे घालणाऱ्याने. १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सीन नावाचा रंग बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाचे अर्बुद आढळल्याची नोंद केली. त्यांनी दोष ॲनिलीनला दिला. खरे दोषी, म्हणजे २-नॅफ्थिलअमाइन आणि बेन्झिडीन, सिद्ध व्हायला आणखी काही दशके गेली. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी पहिल्या रसायनाने कुत्र्यांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग घडवून दाखवला. त्याच दशकात जपानी संशोधकांनी ‘बटर यलो’ या रंगाने उंदरांच्या यकृतात कर्करोग निर्माण केला. या रंगाचे नावच त्याच्या एका उपयोगाची साक्ष देते.

बटर यलो हा अझो रंग आहे. अझो रंगांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंमधील दुहेरी बंध असतो. आतड्यातील जिवाणू हा बंध तोडतात. त्वचेवरील काही जिवाणूही तोडू शकतात. तुटल्यावर अमाइन सुटतात. बेन्झिडीनसारखे अमाइन सुटले, तर यकृतातील विकरे त्याचे अशा रूपात परिवर्तन करतात की ते डीएनएला चिकटते. म्हणून काही अझो रंग घातक ठरले, सगळे नव्हेत. टारट्राझिनही अझोच आहे. परंतु त्याच्या तुकड्यांवरील सल्फोनेट गटांमुळे ते पाण्यात विरघळतात आणि शरीरात फारसे शोषले जात नाहीत. ‘अझो म्हणजे विष’ हे समाजमाध्यमांवरील समीकरण म्हणूनच चुकीचे आहे. ऱ्होडामाइन-बी तर अझो रंगच नाही. माणसात त्याने कर्करोग होतो, असेही सिद्ध झालेले नाही. मग बंदी कशासाठी?

इथे दोन याद्यांचा इतिहास सुरू होतो. १९०७ साली अमेरिकेत बर्नहार्ड हेसे यांनी खाद्यपदार्थांत वापरल्या जाणाऱ्या सुमारे ८० रंगांची छाननी केली आणि सरकारने त्यांतील फक्त ७ मान्य केले. यादीत नाही ते निषिद्ध, हे तत्त्व त्यातून रुजले. भारतात १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने तेच स्वीकारले. आज आपल्या यादीत आठ कृत्रिम रंग आहेत आणि तेही ठरावीक पदार्थांत, ठरावीक प्रमाणातच चालतात. गोबी मंचुरियनच्या नमुन्यांत मान्य यादीतील रंगही सापडले होते; त्या पदार्थात त्यांना परवानगी नव्हती, इतकेच. ऱ्होडामाइन-बी निषिद्ध ठरतो, कारण तो सुरक्षित असल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही.

कापडाची यादी नेमकी उलटी आहे: यादीत आहे तेच निषिद्ध, बाकी सारे खुले. जर्मनीने १९९४ मध्ये घातक अमाइन सोडणाऱ्या अझो रंगांवर निर्बंध आणले. युरोप ही भारतीय कापडाची मोठी बाजारपेठ असल्याने इथली सूत्रे भराभर हलली. बेन्झिडीनवर आधारित ४२ रंगांना आधीच मनाई होती. १९९७ मध्ये आणखी ७० अझो रंगांची भर पडली. कामगारांच्या मूत्राशयाबद्दल १८९५ पासून जे ठाऊक होते, त्याचा विस्तृत कायदा व्हायला परदेशी ग्राहकाची नापसंती लागावी, हे खेदजनक आहे.

मसाल्यांतही हेच घडले. सुदान-१ हा मेण आणि तेल रंगवणारा रंग भारतात खाण्यासाठी कधीच मान्य नव्हता. तरीही २००३ मध्ये फ्रान्सने तो भारतीय मिरचीपुडीत पकडला. २००५ मध्ये ब्रिटनला त्यापायी शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले. निर्यातीच्या मालाची तपासणी त्यानंतर कडक झाली.

देशातल्या ताटाकडे कोणाचेच लक्ष नव्हते, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९६५ साली लखनौत स्थापन झालेल्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्राने लाडू, जिलेबी, हळद यांतील मेटॅनिल यलोचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. हा चामडे आणि कापड रंगवणारा पिवळा रंग ओळखण्याची सोपी पद्धतही आहे. हळदीवर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले असता गुलाबी रंग येतो. पाणी घातल्यावर तो गेला तर हळद शुद्ध, टिकला तर मेटॅनिल यलो. (हळदीच्या डागाला साबण लागला की तो तांबडा होतो, हे घरोघरी ठाऊक असते, तो खेळ अल्कलीचा, हा आम्लाचा.)

हे रंग सुट्या, वेष्टन नसलेल्या पदार्थांत अधिक आढळतात, आणि याचे कारण उघड आहे. कापडाचा रंग स्वस्त असतो, चिमूटभर पुरतो आणि कायद्याने खुला असल्यामुळे सहज विकत मिळतो. एका यादीने मोकळा सोडलेला डबा दुसऱ्या यादीच्या हद्दीत शिरतो, तेव्हा त्याला अडवायला उरतो तो फक्त नमुने गोळा करणारा अन्न निरीक्षक. कपड्याच्या बाबतीत तर तेवढीही सोय नाही. आतल्या पट्टीवर सूत किती, पॉलिएस्टर किती हे छापलेले असते. रंग कोणता, हे छापण्याची सक्ती नाही.