शर्यतीचा घोडा किती वेगाने आणि किती लांब पळतो?

सीमाभागात जत्रा म्हटली की शर्यत आलीच. काही ठिकाणी बैलगाडीबरोबर घोडागाडीही पळते आणि मग कट्ट्यावर वाद रंगतो. चांगला घोडा ताशी शंभरच्या वेगाने पळतो का? बेळगाव ते कोल्हापूर एका दमात भरधाव जाईल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’. घोडा वेगाने पळतो आणि लांबही पळतो, पण दोन्ही एकाच वेळी नाही.

वेग किती?

रेसकोर्सवर पळतो तो बहुतेक थरोब्रेड जातीचा घोडा. वजन साधारण साडेचारशे ते पाचशे किलो. शर्यतीत त्याचा सरासरी वेग ताशी ५५ ते ६५ किलोमीटर असतो. २००८ मध्ये अमेरिकेत ‘विनिंग ब्रू’ या दोन वर्षांच्या घोडीने दोन फर्लांग, म्हणजे सुमारे ४०० मीटर, २०.५७ सेकंदांत कापले. हा वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर जातो. उसेन बोल्टच्या १०० मीटरच्या विक्रमाचा सरासरी वेग आहे ताशी साडेसदतीस.

अंतर वाढलं की वेग उतरतो

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी २४०० मीटरची. जिंकणारा घोडा ती साधारण अडीच मिनिटांत संपवतो. याच पल्ल्याच्या आसपासची नावाजलेली कामगिरी ‘सेक्रेटेरिएट’ची. १९७३ च्या बेलमाँट स्टेक्समध्ये त्याने दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत कापला आणि तब्बल ३१ लांबींनी शर्यत जिंकली. सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर. पन्नास वर्षं उलटली तरी तो विक्रम अजून कायम आहे.

इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल जवळपास सात किलोमीटरची, वाटेत ३० अडथळे. तिथे वेग आणखी उतरतो.

त्याहून लांबचा पल्ला हे वेगळंच काम. कॅलिफोर्नियातल्या ‘टेव्हिस कप’मध्ये डोंगरवाटेने १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, २४ तासांत पार करायचे असतात. तिथे अरबी घोड्यांचा दबदबा आहे. पण हे घोडे चौखूर उधळत नाहीत. बराचसा रस्ता दुडक्या चालीने कापतात, मध्ये सक्तीची विश्रांती घेतात. पशुवैद्याने तपासून ‘पुढे जा’ म्हटलं तरच पुढे.

दम कुठे संपतो?

घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने नाही. भरधाव पळताना त्याचा श्वास झेपेला बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला ३० ते ४० ठोके देतं, शर्यतीत तेच २२० च्या पुढे जातं. प्लीहेत साठवलेल्या लाल पेशी रक्तात उतरतात आणि स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो. तरीही पूर्ण जोराच्या धावेला तो पुरत नाही. स्नायू थकतात, अंग तापतं. म्हणूनच अनुभवी जॉकी घोड्याचा जोर शेवटच्या दोन-तीन फर्लांगांसाठी राखून ठेवतो.

भार पायांवरही येतो. भरधाव वेगात एका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार पडतो. रेसकोर्सवर त्यासाठी गवत किंवा मऊ माती असते. डांबरी रस्ता हा धक्का शोषत नाही. तो थेट खुरांना आणि सांध्यांना बसतो.

आपल्याकडे याचा अर्थ काय?

घोडा कळपातला प्राणी. शेजारचा पळाला की तो पळतो, मागून हाकलला तरी पळतो, पाय दुखावला असला तरी पळत राहू शकतो. त्यामुळे ‘तो पळतोय म्हणजे त्याला झेपतंय’ हा हिशोब चुकीचा. कधी थांबायचं हे हाकणाऱ्यानेच ठरवायचं असतं.

उन्हाळ्यातल्या दुपारी, दमट हवेत, डांबरावर कित्येक किलोमीटर भरधाव पळवणं रेसकोर्सवरच्या कसलेल्या घोड्यालाही परवडणारं नाही. शर्यत संपल्यावर घोडा लगेच बांधू नका. सावलीत हळूहळू चालवा, अंगावर गार पाणी ओता, प्यायला पाणी द्या. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत विश्रांतीच्या थांब्यावर ठराविक वेळेत ठोके ६४ वर उतरले नाहीत तर घोडा बाद होतो. आपल्या घोड्याचे ठोके लवकर उतरत नसतील, तो लडखडत असेल किंवा नाकातून रक्त आलं असेल, तर पुढची फेरी विसरा आणि आधी पशुवैद्याला बोलवा.