गोरा म्हणजे नक्की कोण?

प्रोग्रॅम लिहायला बसलं की पहिल्याच दिवशी शिकवतात, ज्याची व्याख्या केली नाही ते नाव वापरायचं नाही. वापरलंत तर कंपायलर तिथल्या तिथे कान धरतो. कायद्याला असा कंपायलर नसतो. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यात लिहून ठेवलं होतं की, परदेशातून आलेली फक्त 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' इथली नागरिक होऊ शकेल. यादवी युद्धानंतर, १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर घातली. पण 'गोरी' म्हणजे कोण हे काही कुणी लिहिलं नाही. तेव्हा कुणाला गरजच वाटली नसणार, दारात येणारे बहुतेक युरोपातलेच होते.

पुढे चिनी आले, जपानी आले, सीरियन आले, आर्मेनियन आले, आपलेही लोक गेले. मग प्रश्न कोर्टात जायला लागला. १८७८ ते १९५२ या काळात असे पन्नासहून जास्त खटले झाले. न्यायाधीश बिचारे कधी कातडीचा रंग बघायचे, कधी नकाशा, कधी मानववंशशास्त्राची पुस्तकं. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना १९१० साली न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने गोरं ठरवलं. दुसऱ्या कोर्टात गेले असते तर काय झालं असतं सांगता येत नाही.

हा काळ कसला होता तेही लक्षात घ्यायला हवं. सुप्रीम कोर्टाने १८९६ साली, प्लेसी खटल्यात, 'वेगळे पण समान' या नावाखाली रेल्वेचे वेगळे डबे मान्य केले होते. दक्षिणेत शाळा, पाण्याचे नळ, दवाखाने, सगळं रंगावरून वाटलेलं. १९१३ साली वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेऱ्यांतही गोऱ्या आणि काळ्या कारकुनांच्या बसायच्या जागा वेगळ्या झाल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला की, ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही. आता बघा, कायद्यात 'जपानी' किंवा 'हिंदुस्थानी' असा शब्द कुठेही नाही. सगळी मदार त्या एका व्याख्या नसलेल्या शब्दावर!

१९२२ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने ताकाओ ओझावा यांच्या खटल्याचा निकाल दिला. जपानात जन्म, वीस वर्षं अमेरिकेत, बर्कलेत शिक्षण, घरात इंग्रजी. त्यांचं म्हणणं साधं होतं, माझी कातडी कित्येक युरोपियनांपेक्षा गोरी आहे. कोर्ट म्हणालं, रंगाचा संबंध नाही, 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तुम्ही तो नाही. अर्ज नामंजूर. निकाल लिहिला न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी. हे स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले!

ठीक आहे, निदान व्याख्या तरी मिळाली, असं वाटेल. दोनच महिन्यांनी भगतसिंग थिंड त्याच कोर्टापुढे उभे राहिले. पंजाबातले शीख, १९१३ साली अमेरिकेत आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात भरती झालेले, पगडीसकट. १९१८ च्या डिसेंबरात त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढूनही घेतलं. १९२० साली ओरेगॉनच्या कोर्टाने परत दिलं, सरकारने अपील केलं. थिंड यांची बाजू अशी की, तेव्हाच्या पुस्तकांप्रमाणे उत्तर हिंदुस्थानातले लोक आर्य, म्हणजे कॉकेशियन. तुमच्याच व्याख्येत बसतो.

१९ फेब्रुवारी १९२३ चा निकाल एकमताने लागला. लिहिणारे पुन्हा सदरलँड. या वेळी ते म्हणाले, शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणाचं आम्हाला काही नाही, सामान्य माणूस गोरा कुणाला म्हणतो ते बघायचं. आणि त्या अर्थाने हिंदू गोरा नव्हे. (थिंड शीख होते, पण अमेरिकेत तेव्हा प्रत्येक हिंदी माणूस 'हिंदू'च. १९३० च्या तिथल्या शिरगणतीत तर 'हिंदू' हा चक्क एक वंश होता.) म्हणजे नोव्हेंबरात शास्त्र बरोबर आणि फेब्रुवारीत सामान्य माणूस बरोबर. क्लायंटने डिलिव्हरीच्या दिवशी रिक्वायरमेंट बदलावी तसंच. फक्त इथे माणसांची आयुष्यं पणाला होती.

कारण सरकार तेवढ्यावर थांबलं नाही. ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही रद्द करायला निघालं. पन्नासच्या आसपास लोकांचं गेलं. त्यातले एक वैष्णो दास बगाई. पेशावरहून १९१५ साली बायको कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले, दुकान काढलं, १९२१ साली नागरिक झाले. बर्कलेत घर घेतलं तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून त्यांना आत येऊ दिलं नाही. पुढे नागरिकत्व गेलं. १९२८ साली हिंदुस्थानात जायचं म्हटलं तर अमेरिकेचा पासपोर्ट नाही, ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले. ज्या राज्याखालून निघून आलो त्याचीच प्रजा म्हणून परत जायचं? त्याच वर्षी त्यांनी जीव दिला. जाताना एका वर्तमानपत्राला पत्र लिहून कारण सांगून गेले. त्याच बर्कलेने २०२० साली शहरातल्या रस्त्याच्या एका भागाला कला बगाई यांचं नाव द्यायचं ठरवलं.

थिंड यांच्या वकिलाचं नाव होतं सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मराठी माणसाचे कान टवकारतातच! पंडित १९१४ सालीच नागरिक झाले होते. थिंड हरल्यावर सरकारने त्यांच्यावरही दावा लावला. पंडितांनी गोरं कोण, आर्य कोण या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं. त्यांचा मुद्दा असा की, १९१४ साली कोर्टाने मला पात्र ठरवलं तेव्हा सरकारने अपील केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी वकील झालो, लग्न केलं, मालमत्ता घेतली. माझं नागरिकत्व गेलं तर १९२२ च्या कायद्याप्रमाणे माझ्या अमेरिकन बायकोचंही जाईल. मिटलेला खटला आता उकरता येणार नाही. अपील कोर्टात ते १९२६ साली जिंकले, १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला आणि मग सरकारने उरलेल्यांच्या मागचा ससेमिरा सोडला. वंशाच्या वादाने जे झालं नाही ते साध्या कायदेशीर मुद्द्याने झालं.

इथपर्यंत वाचताना आपली सहानुभूती अर्थातच थिंड यांच्याकडे असते. पण त्यांच्या बाजूने कोर्टात काय मांडलं गेलं तेही बघा. उच्चवर्णीय हिंदूचं रक्त शुद्ध राहिलं आहे, कारण तो खालच्यांशी सोयरीक करत नाही. गोरा अमेरिकन निग्रोकडे ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू इथल्या मूळ रहिवाशांकडे बघतो. म्हणजे आम्हाला गोरं म्हणा, कारण तुमच्यासारखा भेदभाव आम्हीही करतो!

हे वाचून मी जरा वेळ गप्प बसलो होतो. कारण थिंड अमेरिकेत आले त्याच १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणखी एक हिंदी विद्यार्थी दाखल झाला होता, भीमराव आंबेडकर. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी तिथे जातीवर निबंध वाचला आणि जातीचं मूळ पोटजातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे असं मांडलं. सोयरिकीची जी बंदी त्यांच्या लेखी रोगाचं मूळ होती, तीच सात वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये पात्रतेचा दाखला म्हणून पुढे आली. त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. पुण्यात बसून त्यांना दोन्हीकडचा धागा एकच आहे हे दिसलं होतं.

थिंड यांना अखेर १९३६ साली नागरिकत्व मिळालं, महायुद्धातले सैनिक म्हणून. हिंदी लोकांना सरसकट दार उघडलं ते १९४६ मध्ये, तेही वर्षाला १०० जणांच्या कोट्याने. वंशाची अट पूर्ण गेली १९५२ साली. त्या व्याख्या नसलेल्या शब्दाने १६२ वर्षं काम केलं.

आज आमच्यातले कितीतरी जण ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहून अमेरिकेच्या नावाने बोटं मोडतात, आणि त्यात चूक काही नाही. फक्त तेच आपण घरी आलो की लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, उंच, स्वजातीय' असं लिहितो. सदरलँडसाहेबांचा 'सामान्य माणूस' तिकडेच राहतो असं मला तरी वाटत नाही.