आत्याची पावती

बँकेतल्या मुलानं माझी पगाराची स्लिप बघितली, संगणकात चार आकडे टाकले आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला 50 लाख बसतात." जणू मी चपला घालून बघत होते. हातात येणारा पगार 85 हजार. गृहकर्जाचा साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 43 हजारांच्या वर. घरात दुसरा पगार नाही. संध्याकाळी आत्याला फोन लावला, कारण आमच्या घराण्यात एकटीच्या पैशानं खोली घेतलेली तीच.

1968 साली गिरगावातली दहा बाय बाराची खोली. आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर. पागडी 7 हजार, भाडं 22 रुपये. तिनं पाटल्या मोडल्या, पतपेढीतून कर्ज काढलं. घरमालकानं अट घातली, एकट्या बाईच्या नावानं पावती फाडणार नाही. म्हणून पावतीवर नाव माझ्या वडिलांचं.

पागडीचं मूळ 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात. भाडी साधारण 1940 च्या पातळीवर गोठली, तेव्हा मालकांनी ती कसर आगाऊ रोख घेऊन भरून काढली. हे बेकायदा, त्यामुळे सगळं तोंडी. आत्याला 7 हजारांची पावती कधीच मिळाली नाही, 22 रुपयांची मात्र दर महिन्याला मिळे, आणि ती तिनं पत्र्याच्या डब्यात लावून ठेवली. खोलीवरचा हक्क सांगायला तेवढाच कागद होता. पागडीला कायद्यानं मान्यता मिळाली ती थेट 2000 च्या मार्चअखेर, 1999 चा कायदा लागू झाल्यावर.

पागडीची खोली शेवटी भाड्याचीच. मालकीचं घर म्हणजे सुरुवातीला बहुतेकांना सोसायटीचा मार्ग. रावबहादूर तालमकींनी गावदेवीत सारस्वतांची गृहनिर्माण सोसायटी 1915 मध्येच उभी केली होती, पण तिथे शिरायला जातीचा गोतावळा लागे. पुढे बिल्डर आले, ओनरशिपचे ब्लॉक आले, आणि पैसे घेऊन गायब होणारेही आले. 1963 चा कायदा त्यावरचा उतारा: किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त घ्यायच्या आधी लेखी, नोंदणीकृत करार हवा. आता रेरा कायद्याखाली ती मर्यादा 10 टक्के आहे.

तरी कर्ज कुठून आणायचं? सरकारी नोकरी किंवा मोठी कंपनी नसेल, तर लोक निवृत्त होऊन फंड हातात पडल्यावर घर बघत. किती खर्च करायचा, हा प्रश्नच नव्हता. हातात असेल तेवढा. 1977 मध्ये हसमुखभाई पारेखांनी घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी काढली आणि प्रश्न बदलला: हातात किती आहे ते राहू दे, पगार किती आहे ते सांग. हा उपकार लहान नव्हे. चाळिशीच्या आत घर झालेली माणसं त्यानंतरच दिसू लागली. पण त्याबरोबर आकडा ठरवायचं कामही आपण देणाऱ्याकडे सोपवलं, असं मला वाटतं. त्याला वसुलीची काळजी. सहा महिने नोकरी गेली तर मी काय खाईन, ही नाही.

आत्याचा हिशेब उलटा होता. आधी रेशन, रेल्वेचा पास, आजीचं औषध; उरलं त्याच्या निम्म्यात पतपेढीचा हप्ता. निम्मं का? "तापानं पडले तर बिनपगारी रजा कोण भरणार होतं गं?"

मग मीही तसाच उलटा हिशेब करून डोंबिवलीत 41 लाखांचा वन बीएचके धरला. 11 लाख माझे, 30 लाख कर्ज, हप्ता 26 हजार. खरेदीदार फक्त बाई असली की महाराष्ट्रात 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, ते 41 हजार वाचले. ज्या एकटेपणापायी आत्याची पावती भावाच्या नावानं फाटली, त्याच एकटेपणाला सरकार आता सवलत देतं.

आत्याला आकडा कळवला. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि मेंटेनन्स?"

तो मी धरलाच नव्हता. महिना 2,300 आहे.