थांबण्याची ऐपत

महागाईचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण भावांची यादी काढतो. अमुक साली तेल एवढ्याला होते, तमुक साली तूरडाळ एवढ्याला गेली. यादी खरी असते, पण तिच्यातून घर कळत नाही. कारण भाव सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा चटका सारखा बसत नाही. नाशिकमध्ये हे लख्ख दिसते. नाशिकरोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात. १९४७ साली स्थापन झालेल्या लासलगावच्या बाजार समितीतल्या लिलावाकडे देशभरचे कांद्याचे व्यापारी डोळे लावून बसतात. कामगारांचा महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, त्यासाठी ज्या केंद्रांतून भाव टिपले जातात त्यांतही नाशिक आहे. नोट, कांदा आणि निर्देशांक हे तिन्ही हाताशी असलेल्या गावातही महिन्याची वीस तारीख उलटली की कित्येक घरांत डाळीच्या डब्याचा तळ दिसू लागतो. भाव वाढले म्हणून, हे त्याचे उत्तर अर्धेच आहे. भाव उतरेपर्यंत त्या घराला थांबता येत नाही, हा उरलेला अर्धा भाग. गेल्या दीडशे वर्षांत ही थांबण्याची ऐपत वर्षावरून महिन्यावर आणि महिन्यावरून दिवसावर कशी आली, तो या भागातल्या महागाईचा खरा इतिहास आहे.

जुन्या घराच्या हिशेबात धान्य आणि वाणसामान या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. धान्य वर्षाचे भरायचे. चैत्र-वैशाखात नवा गहू बाजारात येतो आणि भाव पडलेला असतो. तो नेमका तेव्हा घ्यायचा, निवडायचा, उन्हे द्यायची, एरंडेलाचा हात फिरवून कोठीत भरायचा आणि थराथरात कडुनिंबाचा पाला घालायचा. कडधान्याला राख चोळायची. जिल्ह्याच्या पूर्वेला, नांदगाव-येवल्याकडे, कणगीत बाजरी असे. पश्चिमेला पेठ-सुरगाण्याकडे नागली आणि वरई, इगतपुरीला भात. जिथे जमीन कोरडी तिथे पेवात धान्य ठेवत. वाण्याकडून यायचे ते मीठ, तेल, गूळ, हिंग, मसाल्याचे जिन्नस. श्रावण-भाद्रपदात बाजारभाव चढला तरी तो कोठीपर्यंत पोचत नसे, कारण ते धान्य वैशाखातच विकत घेऊन झालेले असे. बेगमी म्हणजे केवळ साठा नव्हे. स्वस्ताईच्या दिवसांत घेऊन महागाईच्या दिवसांत खाण्याची ती सोय होती.

यावर कोणी म्हणेल, हे जुन्या काळाचे गोडवे झाले. कणगी होती ती जमीन असलेल्याच्या घरात. हा आक्षेप रास्तच आहे. भूमिहीन मजूर आणि तुटपुंजे बलुते मिळणारा कारागीर यांच्याकडे वर्षाचा साठा कधीच नव्हता. पावसाळ्यात मणभर धान्य उसने न्यायचे आणि सुगीला दीड मण परत करायचे, ही दिढीची रीत त्यांच्यासाठीच होती. पण त्यातही तोच हिशेब आहे. एकच बाजरी, एकच गाव. ज्याला थांबता आले त्याला ती मणाला मण पडली, ज्याला थांबता आले नाही त्याला दीड मण. गरिबाला जिन्नस महाग पडतो ही गोष्ट नोटांच्या जमान्याआधीची आहे. जुना काळ चांगला होता असे मला म्हणायचे नाही. थांबता न येण्याची किंमत तेव्हाही मोजावी लागत होती आणि ज्याची ऐपत कमी त्याच्याकडूनच ती वसूल होत होती, एवढेच म्हणायचे आहे.

१८६५ साली थळ घाटातली रेल्वे सुरू झाली आणि नाशिकचे धान्य मुंबईच्या बाजाराला जोडले गेले. एका तालुक्यात पीक बुडाले तर बाहेरून धान्य येऊ लागले, हा मोठाच फायदा. पण रुळ दोन्ही दिशांना जातात. बाहेर भाव चढला की इथल्या पेवातले धान्यही वॅगनमध्ये चढू लागले, आणि सारा रोखीत भरायचा असल्यामुळे छोट्या शेतकऱ्याला सुगीच्या पडत्या भावात विकणे भागच होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली जे निदान केले ते आजही वाचण्यासारखे आहे: दुष्काळात आधी तुटते ती मजुरी, आणि धान्य बाजारात असूनही ते घ्यायला हातात काही नसते. दुष्काळी कामांची पद्धत या निदानातून आली. खडी फोडून मिळणारे दाम म्हणजे पुढच्या सुगीपर्यंत तग धरण्याची सरकारी तजवीज होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी ती तजवीज किती तोकडी आहे तेही दाखवले.

विसाव्या शतकात घराचे एकक वर्षावरून महिन्यावर आले. पगार महिन्याचा, म्हणून सामानाची यादी महिन्याची, आणि मधली तूट भरून काढायला वाण्याची खातेवही. लाल कापडी बांधणीच्या त्या वहीत घराच्या नावाचे पान असे. अर्धा शेर साखर, पावशेर चहा, काड्यापेटी असे एकेक टिपले जाई आणि पगार झाला की त्यावर काट बसे. किलो आल्यावर शेर गेले, पान राहिले. या उधारीचे व्याज उघड लावले जात नसे; ते मालाच्या भावात नि वजनात मुरलेले असे. तरीही तिने कामगाराला तीस दिवसांची उसंत दिली. दुसरी उसंत दिली ती महागाई भत्त्याने. पहिल्या महायुद्धात भाव भडकले तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना पगारावर जादा भत्ता द्यावा लागला. १९२१ साली मुंबई सरकारने कामगार कचेरी उघडली आणि तिने कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. निष्कर्ष असा निघाला की गिरणी कामगाराच्या घरात दुष्काळी कामावरच्या मजुराइतकेच धान्य शिजते आणि तुरुंगातल्या कैद्याला नेमून दिलेल्यापेक्षा कमी. निर्देशांक नावाच्या कोरड्या आकड्याचा जन्म या तुलनेच्या आसपासचा आहे.

नाशिक त्या आकड्यात आले ते १९८२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत. तोपर्यंत सातपूरची औद्योगिक वसाहत आणि ओझरचा विमान कारखाना यांनी पगारदारांचे एक नवे नाशिक उभे केले होते. या नाशिकचा महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर वर सरकतो. नोटा छापणाऱ्या कामगाराला नोटेची किंमत घसरल्याची भरपाई मिळते, आणि ती मिळायलाच हवी. पण सातपूर-अंबडच्या त्याच कारखान्यांत ठेकेदाराकडून आलेला कामगार, खळ्यावर कांदा निवडणारी बाई, द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून उचल घेऊन आलेले जोडपे यांचे काय? किमान वेतनाचा कायदा १९४८ साली आला आणि किमान वेतनातला विशेष भत्ताही निर्देशांकाला बांधलेला आहे. तो कागदावरून हातात येईपर्यंत मात्र पुष्कळ हात मध्ये असतात. ज्याची मजुरी रोजची, त्याचा किराणाही रोजचा: पावशेर डाळ, दहा रुपयांची चहापुडी, आजच्या भाजीपुरते तेल. छोट्या पुडीतला जिन्नस किलोच्या हिशेबाने महागच पडतो. दिढी संपली असे आपण समजतो, पण ती पुडीत शिरली आहे.

तिसरी उसंत रेशनची. १९४३ साली मुंबईत सुरू झालेले रेशनिंग युद्धाचे अपत्य होते. १९७२ च्या दुष्काळात तेच आधार झाले. लाल मिलो ज्वारीच्या भाकरीला आणि दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीला लोकांनी नावे ठेवली, पण त्यावर दिवस काढले. त्याच साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदींनी महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी केली आणि लाटणी घेतलेले मोर्चे निघाले. त्या बायकांना नुसती स्वस्ताई नको होती. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या भावात, ठरलेले तेल-साखर-धान्य मिळेल ही खात्री हवी होती. आपण जिला उसंत म्हणतो तिचेच ते दुसरे नाव. पुढे १९९७ साली रेशन ‘लक्ष्यित’ झाले आणि १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी, पांढरी अशी कार्डांची वाटणी झाली. अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य यादीसाठी राज्याने शहरी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९ हजार ठेवली, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. ती ठरून दहा वर्षे उलटली तरी वाढली नाही. लाभार्थींचा कोटा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. तेव्हा नाशिक शहर पंधरा लाखांच्या आत होते. भाव रोज नवा आणि यादी तेव्हाची, अशी ही गाठ आहे.

इथे सर्वांत भक्कम आक्षेप आकडेवारीचा आहे. कामगारांच्या निर्देशांकात अन्नाचा वाटा १९८२ च्या मालिकेत ५७ टक्के होता, २००१ च्या मालिकेत ४६ झाला आणि २०१६ च्या मालिकेत ३९ वर आला. म्हणजे लोक सुधारले. मग रडगाणे कशाचे? शिवाय महिन्याला माणशी पाच किलो धान्य २०२३ पासून फुकट आहे. सुधारणा खरी आहे आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. उपासमारीने माणसे मरण्याचे दिवस मागे पडले. पण वाटा घटला याचा अर्थ ताण घटला असा होत नाही. उरलेल्या वाट्यात घरभाडे, शाळेची फी, औषध, बसभाडे, कर्जाचा हप्ता आले, आणि या सगळ्यांना तारखा आहेत. भाडे थकले तर घरमालक दारात येतो. डाळ पातळ झाली तर कोणी येत नाही. म्हणून बाकी सगळ्या खर्चांचा धक्का शेवटी स्वयंपाकघर सोसते. फुकट गहू-तांदळाने पोट भरते, पण त्याला लागणारे तेल, डाळ, भाजी आणि गॅस बाजारातूनच येतात.

मग भावच पाडावेत, हा सोपा वाटणारा उपाय नाशिकवर वारंवार करून झाला आहे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ मध्ये खुली झाली. त्याआधी २०१९ आणि २०२० सालीही तेच. ग्राहकाच्या सर्वसाधारण निर्देशांकाच्या २०१२ च्या मालिकेत कांद्याचा भार अवघा ०.६४ होता, तेल-तुपाचा ३.५६. सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांसाठी म्हणून खाद्यतेलाचे आयातशुल्क वाढवले, तेव्हा किराण्याला बसलेला धक्का कांद्याहून मोठा होता, ओरड मात्र कांद्याइतकी झाली नाही. आणि कांदा पाडल्याने सुटते कोण? १९८० साली शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेवर कांदा-उसाच्या भावासाठी याच जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या. २०१८ साली निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले. किलोला दीड रुपयाही नाही. त्या घरालाही तेल, साखर, डाळ विकतच घ्यावी लागते. शहरातली खाणारी आणि खेड्यातला पिकवणारा यांना आपण समोरासमोर उभे करतो, पण अडचण दोघांची एकच आहे: मिळेल त्या दिवशी, मिळेल त्या भावात व्यवहार उरकण्याची सक्ती.

पिकवणाऱ्याच्या बाबतीत सरकारला हे समजले आहे. उन्हाळ कांदा चार-सहा महिने टिकावा म्हणून कांदाचाळीला अनुदान मिळते. चाळ भाव वाढवत नाही की पाडत नाही. शेतकऱ्याला मे महिन्यातल्या पडत्या लिलावापासून दूर राहू देते, इतकेच. खाणाऱ्याच्या बाजूला अशी चाळ कोणती? दरवर्षी तपासली जाणारी रेशनची यादी, त्यात गहू-तांदळाबरोबर नेमाने मिळणारी डाळ आणि तेल, ठेकेदाराच्या कामगारापर्यंत खरोखर पोचणारा विशेष भत्ता. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, साखर, हरभराडाळ आणि पामतेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ आला तेव्हा लोकांनी तो घेतला. पण सणाचा शिधा सणापुरताच पुरतो. चाळ अशी एका सणासाठी बांधत नाहीत. वैशाखात भरलेली कोठी आता सगळ्यांच्या घरी परत येणार नाही, भाड्याच्या एका खोलीत ती मावणारही नाही. ती कोठी करत असे ते काम मात्र कोणालातरी करावेच लागेल, नाहीतर पुडीतल्या दिढीचा हिशेब असाच रोज चुकता होत राहील.