खाणावळीची नोंद

नव्या शहरात बिऱ्हाड थाटले की पहिल्या आठवड्यात माणूस आसपासच्या गल्ल्या धुंडाळतो. चहा कुठे बरा मिळतो, पोळी-भाजी कुठे, रात्री उशिरापर्यंत कोणाचे दुकान उघडे असते, याचा एक नकाशा मनात तयार होत जातो. काही वर्षांपूर्वी परळला राहायला आल्यावर मीही तेच केले. पुढे या भागाचा इतिहास वाचताना लक्षात आले, की इथे पूर्वी आलेल्या बहुसंख्य माणसांना असा शोध घ्यावाच लागला नव्हता. त्यांची खाणावळ गावाहून निघतानाच ठरलेली असे.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून येणारा गिरणी कामगार बहुधा एकटाच येई. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, बरीचशी एकाच गावची. आणि जवळच्या चाळीत त्याच मुलखातली एखादी बाई महिन्याच्या बोलीवर त्यांना जेवू घाली. स्वयंपाकघराखेरीज तिच्यापाशी दुसरे भांडवल नसे. कोकणातल्याला नारळाचे वाटण लागे, घाटावरच्याला भाकरीबरोबर कोरड्यास. हिशेब पगार झाल्यावर. जेवण चुकले तर 'खाडा' धरला जाई. कामावरची गैरहजेरी म्हणजेही खाडाच. एकच शब्द कामाच्या आणि जेवणाच्या अशा दोन्ही हिशेबांत वावरत होता, आणि त्यांतला दुसरा हिशेब बहुधा बाईच्या तोंडी असे.

या बायकांना संघटित करून राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्जे मिळवून देण्याचे काम प्रेमा पुरव यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने केले. तोवर सावकार हाच आधार होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपावर विपुल लिहिले गेले. पण जिचे सारे गिऱ्हाईकच संपावर होते, तिच्या चुलीविषयी त्या मानाने किती थोडे!

याउलट इराण्याचे हॉटेल. इराणातून, विशेषतः यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या झरथुष्ट्री स्थलांतरितांनी ही हॉटेले उभारली. कोपऱ्यावरच्या जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत म्हणून त्या इराण्यांना मिळाल्या, असे सांगतात. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का हे सारे मराठी वाचकाला पाठ आहे. निस्सिम इझिकेल यांनी तर इराण्याच्या सूचनाफलकाचीच कविता केली. इराणी नसलेल्या, पण अशाच बैठकीच्या 'वेसाइड इन'मध्ये अरुण कोलटकर वर्षानुवर्षे बसत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स'मध्ये फुटपाथवर इडल्या विकणारी बाई आहे, हे मात्र मुद्दाम नोंदवायला हवे.

खाणावळ साहित्यात इतकी कमी का आली? माझ्या मते कारण साधे आहे. इराण्याकडे एका चहावर तासभर बसता येई. खाणावळीत जेवून उठावे लागे; पुढची पंगत दारात उभी असे. लिहिणारा जिथे रेंगाळला ती जागा साहित्यात आली, आणि जिथे तो नुसता जेवला ती राहून गेली.

अर्थात खाणावळीच्या आठवणीत गहिवरून जाण्याचेही कारण नाही. आपल्या गावचे जेवण म्हणजे पुष्कळदा आपल्या जातीचे जेवण. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उपाहारगृहांच्या पाट्यांवर 'हिंदू', 'ब्राह्मण' हे शब्द उघडपणे असत. मुंबईतील बाहेरच्या जेवणाचा इतिहास फ्रँक कॉनलन यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडला आहे. कोणाच्या हातचे आणि कोणाच्या शेजारी बसून खायचे, हा पेच त्या इतिहासात वारंवार भेटतो. माटुंग्याला १९४२ साली सुरू झालेले रामा नायकांचे उडुपी बोर्डिंगही मुळात दूर देशी आलेल्या दाक्षिणात्यांची घरच्या जेवणाची सोय होती. आज तिथे सगळेच रांग लावतात. इराण्याच्या टेबलाशी बसायला निदान गाव सांगावे लागत नसे. 'रेंगाळता येणे' याच्याइतकेच हेही त्याच्या आकर्षणाचे कारण असावे.

माझ्या गल्लीत पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या एका चाळीत तळमजल्यावर एक बाई डबे देतात. पाटी नाही. शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराने पत्ता सांगितला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे गाव विचारले, मग आडनाव, आणि त्यानंतर महिन्याचा दर सांगितला.