शब्दारंभीचे विकार : वेल्श व्यंजनांच्या अभ्यासात प्रवेश करताना

वेल्श भाषेचा कोश उघडण्याआधी थोडे व्याकरण यावे लागते. एरवी नवी भाषा शिकताना शब्द आधी येतात आणि नियम मागाहून. इथे तसे चालत नाही. इंग्लंडमधून वेल्समध्ये शिरताना सीमेवरच्या पाटीवर ‘क्रोइसो ई गम्री’, म्हणजे ‘वेल्समध्ये स्वागत’, असे लिहिलेले असते. ते वाचून कोणी कोशात ‘गम्री’ शोधू लागला तर त्याच्या हाती काही लागणार नाही, कारण देशाचे नाव आहे ‘कम्री’. आधी ‘ई’ हे अव्यय आले म्हणून ‘क’चा ‘ग’ झाला. ‘वेल्समध्ये’ असे स्थळ सांगायचे तर ‘अङ् ङ्हम्री’ म्हणायचे, आणि ‘आणि वेल्स’ म्हणताना तेच नाव ‘आ ख़म्री’ होते. (वेल्श रोमन लिपीत लिहितात, इथे उच्चार देवनागरीत जमेल तितके जवळचे दिले आहेत. ‘ख़’ म्हणजे घशात घासून काढलेला ख.)

वेल्श लोक या बदलाला ‘त्रेइग्लाद’ म्हणतात. आपण त्याला व्यंजनविकार म्हणू. तो तीन प्रकारचा आहे. मृदू विकार नऊ व्यंजनांना होतो, अनुनासिक विकार सहांना, आणि तिसरा, घर्षक विकार, फक्त प, त, क या तिघांना. नवख्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात हा तक्ता दिला जातो आणि पुष्कळदा तिथेच त्याचा धीर सुटतो. मराठी वाचकाचा मात्र सुटण्याचे कारण नाही. हा तक्ता त्याने शाळेत वेगळ्या नावाने पाहिलेला आहे.

जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो. कठोर ‘त्’च्या जागी त्याच वर्गातला मृदू ‘द’ येतो. आपण याला तृतीय व्यंजन संधी म्हणतो. वेल्शमध्ये ‘ताद’ म्हणजे वडील आणि ‘द दाद’ म्हणजे तुझे वडील. जगत् आणि नाथ यांचा जगन्नाथ होतो, ती अनुनासिक संधी. वेल्शमध्ये ‘माझे वडील’ म्हणजे ‘व न्हाद’. त-द-न ही वर्गातली हालचाल आपल्या वर्णमालेच्या मांडणीतच दिसते. शिवाय ‘न्ह’ आणि ‘म्ह’ हे आरंभीचे ध्वनी, ज्यांपाशी इंग्रजीभाषक विद्यार्थी अडखळतो, ते न्हावी, न्हाणे, म्हातारा, म्हणणे असे शब्द रोज उच्चारणाऱ्या माणसाला परके नाहीत. वेल्श ‘म्ह’मध्ये घोष नसतो, श्वास अधिक असतो; तेवढा फरक कानाने टिपला की झाले.

तरीही या साम्यावर फार विसंबू नये. विकार ‘उच्चार सोपा व्हावा म्हणून’ होतात, असे शिकवण्याची पद्धत आहे आणि ती मला दिशाभूल करणारी वाटते. ‘अन’ हा एकच उच्चार घ्या. ‘अन कानी’ म्हणजे ‘गात (आहे)’. इथे क तसाच राहतो. ‘अन गोख़’ म्हणजे ‘लाल (आहे)’. मूळ शब्द ‘कोख़’, इथे मृदू विकार झाला. ‘अङ् ङ्हायर्दीद’ म्हणजे कार्डिफमध्ये. मूळ नाव ‘कायर्दीद’, इथे अनुनासिक विकार झाला, आणि त्याच्या ओढीने ‘अन’चाही ‘अङ्’ झाला. ध्वनी एकच, पुढचे व्यंजनही एकच, आणि परिणाम तीन. उच्चाराच्या सोयीचा प्रश्न असता तर तिन्ही ठिकाणी एकच घडले असते. संधीचे कारण आपल्याला डोळ्यांसमोर दिसते. वेल्शमध्ये ते कारण दीड हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले आणि त्याचे कार्य तेवढे मागे उरले. या विषयाचे सारे मर्म त्या नाहीशा झालेल्या कारणात आहे.

वेल्शची पूर्वज ब्रिटॉनिक भाषा संस्कृत-लॅटिनसारखी विभक्तिप्रत्ययांची होती. तीत दोन स्वरांच्या मधले व्यंजन सैल पडत गेले. लॅटिनमधून आलेला ‘पोपुलुस’ वेल्शमध्ये ‘पोबल’ झाला. प्राकृताच्या वाटेने दीपाचा दिवा आणि तापाचा ताव झाला, तीच ही प्रवृत्ती. मात्र नाम आणि त्याआधीचा छोटा शब्द एका दमात बोलले जात, म्हणून मागच्या शब्दाच्या शेवटचा स्वरही हे काम करू लागला आणि पुढच्या शब्दाचे पहिले व्यंजन सैल पडले. पुढे, पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास, शब्दांचे शेवट गळून पडले. स्वर गेला, पण त्याने केलेला बदल तिथेच राहिला. ‘की कोख़’ म्हणजे लाल कुत्रा, पण ‘काथ गोख़’ म्हणजे लाल मांजर. कारण ‘काथ’ स्त्रीलिंगी आहे, आणि तशी नामे एके काळी बहुधा ‘आ’कारान्त असत. आपल्याकडे लिंग विशेषणाच्या शेवटी कळते: काळा, काळी, काळे. तिथे ते विशेषणाच्या तोंडाशी कळते.

याहून सुंदर उदाहरण सर्वनामाचे आहे, आणि तिथे मी वाचकाला थोडे थांबवणार आहे. बोलण्यात ‘ई’ असा उच्चार होणारे एक षष्ठीचे सर्वनाम आहे (वर आलेले ‘ई’ हे अव्यय वेगळे). त्याचा अर्थ ‘त्याचा’ही होतो आणि ‘तिचा’ही. ‘ई गाथ’ म्हणजे त्याचे मांजर, ‘ई ख़ाथ’ म्हणजे तिचे मांजर. सर्वनामात फरक उरलेला नाही. तो सगळा पुढच्या व्यंजनाने उचलला आहे. अभ्यासकांनी या दोन ‘ईं’ची पूर्वरूपे पुनर्रचनेने काढली आहेत: एक ‘एस्यो’, दुसरे ‘एस्यास’. संस्कृत शिकलेल्याला ती ओळखीची वाटतील, कारण ती ‘अस्य’ आणि ‘अस्याः’ यांची सख्खी भावंडे आहेत. पहिल्याच्या शेवटी स्वर होता, म्हणून ‘क’ मृदू झाला. दुसऱ्याच्या शेवटी आपल्या विसर्गाच्या जागी ‘स्’ होता, म्हणून ‘क’ घर्षक झाला. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर त्या ‘स्’चा अवशेष कानाला आजही ऐकू येतो: ‘एनू’ म्हणजे नाव, ‘ई एनू’ त्याचे नाव, ‘ई हेनू’ तिचे नाव. तो ‘ह’ त्या जुन्या ‘स्’चा.

हा दुवा कोणी हौसेने जुळवलेला नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाविषयी भाषण केले. केल्टिकचाही उगम तोच असावा, असे त्यांनी त्यात सुचवले. जोन्स यांचे वडील वेल्समधल्या अँगलसी बेटावरचे होते. पुढे १८३८ साली फ्रान्झ बॉप यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे केल्टिक भाषा याच कुळातल्या असल्याचे दाखवले, आणि शब्दारंभीच्या विकारांचा उलगडा गळालेल्या शेवटांवरून केला. संस्कृतचे प्रत्यय समोर नसते तर तो उलगडा त्यांना इतक्या सहज साधला नसता.

लेखनात हे विकार स्थिरावायला वेळ लागला. जुन्या वेल्शमध्ये मृदू विकार बहुधा लिहीतच नसत. १५६७ च्या ‘नव्या करारा’त विल्यम सॉल्सबरी यांनी अनुनासिक विकार लेखनात न दाखवता मूळ व्यंजन कायम ठेवले. शब्द ओळखू यावा हा त्यामागचा विद्वानाचा विचार, पण वाचणाऱ्याला तो जाचक झाला. १५८८ च्या बायबलमध्ये विल्यम मॉर्गन यांनी उच्चारले जाते तसे लिहिले, आणि पुढची लिखित वेल्श त्यांच्या वाटेने गेली.

आजच्या बोलण्यात ही व्यवस्था जिवंत आहे, म्हणून ती हलतेही आहे. घर्षक विकार ‘क’पुरता टिकून आहे, ‘प’ आणि ‘त’ अनेकांच्या तोंडी न बदलताच राहतात. ‘ग’चा मृदू विकार म्हणजे सरळ लोप: ‘गार्द’ म्हणजे बाग, पण ‘अर आर्द’ म्हणजे ती बाग. ‘गेम’, ‘गराज’ अशा अलीकडच्या उसन्या शब्दांचा ‘ग’ मात्र बहुधा लोपत नाही. माणसांच्या नावांना आज विकार करत नाहीत, गावांच्या नावांना करतात. आणि सर्वांत लक्षणीय गोष्ट ही, की बोलताना ‘व’, म्हणजे ‘माझे’, हा शब्दच अनेकदा गाळला जातो आणि नुसते ‘ङ्हाथ ई’ उरते (शेवटचा ‘ई’ म्हणजे मी). आता ‘माझे’पण केवळ त्या अनुनासिकात आणि मागच्या ‘मी’त आहे. जे पाचव्या शतकात घडले तेच आपल्यादेखत पुन्हा घडते आहे. भाषेच्या अभ्यासकाला याहून मोठे भाग्य कोणते?

२०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे सांगितले. तीन वर्षे व त्यावरील लोकसंख्येत हे प्रमाण १७.८ टक्के होते. २०५० पर्यंत दहा लाख भाषक हे तिथल्या सरकारचे उद्दिष्ट आहे. हे दहा लाख प्रौढपणी शिकणाऱ्यांशिवाय भरणार नाहीत, म्हणून नवख्याच्या अडचणीला तिथे कोणी हसत नाही. त्याने ‘ई कम्री’ म्हटले तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो.

तेव्हा तक्ता पाठ करून आरंभ करू नका. आधी मृदू विकार घ्या, आणि तोही शब्दजोड्यांतून: ‘आर’, ‘ई’, ‘ओ’, ‘हेब’, म्हणजे वर, कडे, पासून, शिवाय, यांच्यापुढे ओळखीची नामे ठेवून मोठ्याने म्हणा. आधी विकार ओळखायला शिका, करायला मागाहून. वाचताना शब्द कोशात सापडला नाही तर आरंभीच्या ‘व’च्या जागी ‘ब’ आणि ‘म’ घालून पाहा. शब्द स्वराने सुरू होत असेल तर आधी ‘ग’ लावून पाहा. अनुनासिक विकार गावांच्या नावांसह शिका, घर्षक विकार सर्वांत शेवटी. मग ज्यांना खोलात जावेसे वाटेल त्यांच्यासाठी टी. जे. मॉर्गन यांचा विकारांवरचा १९५२ चा ग्रंथ आहे. तो वेल्शमध्येच लिहिलेला आहे, आणि एवढ्या अभ्यासानंतर त्याचे पहिले पान कोश हाताशी घेऊन वाचायला बसता येते.