ओयूजीएच अक्षरगट

ओ, यू, जी, एच ही चार रोमन अक्षरे याच क्रमाने असलेल्या, पण उच्चारात एकमेकांशी न जुळणाऱ्या इंग्रजी शब्दांचा गट.

उगम : यांतील बहुतेक शब्दांत प्राचीन इंग्रजीत ‘ख’सारखा घर्षक ध्वनी होता आणि तो ‘एच’ने दाखवीत. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर लेखनिकांनी हळूहळू त्याजागी ‘जीएच’ रूढ केले. पुढे हा ध्वनी काही शब्दांत लोपला, काहींत त्याचा ‘फ’ झाला. त्याच सुमारास दीर्घ स्वरही बदलत होते (पहा : स्वरांचे महापरिवर्तन). विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. मुद्रणामुळे लेखन स्थिरावले, उच्चार बदलत राहिले (पहा : मुद्रण).

वैशिष्ट्ये : ‘दो’मध्ये ओ, ‘थ्रू’मध्ये ऊ, ‘रफ’मध्ये अफ, ‘कॉफ’मध्ये ऑफ, ‘बाउ’ (फांदी) मध्ये आउ असे उच्चार होतात. पुढे ‘टी’ आल्यास बहुधा ‘थॉट’प्रमाणे ऑ येतो; ‘ड्राउट’ (अवर्षण) हा अपवाद. ‘थ्रू’ व ‘थरो’ हे एकाच प्राचीन शब्दाचे दोन फाटे आहेत. ‘हिकप’ या शब्दात मात्र हा गट मुळात नव्हता. खोकल्याच्या शब्दाशी चुकीचा संबंध जोडून तो पर्यायी लेखनात घुसला. आयरिश ‘लॉख’ (सरोवर) मध्ये जुना घर्षक ध्वनी अजून ऐकू येतो.

महत्त्व : उच्चारावरून लेखन ठरविता येत नाही, याचे हे नेहमीचे उदाहरण असून लेखनसुधारणेच्या चर्चेत ते वारंवार येते. अमेरिकेत ‘प्लाउ’ (नांगर) हा शब्द ‘जीएच’ गाळून लिहितात. मराठीने ‘रफ वही’सारखे शब्द उच्चारानुसार घेतले (पहा : देवनागरी लिपी).